छत्रीच्या कापडातून विषाणू

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला जेवणानंतरची वेळ दिली आहे. पुरणपोळी खाऊन बसलेल्यांसमोर विज्ञान बोलायचं म्हणजे परीक्षाच. पण आपल्या वेळापत्रकातही मधल्या सुट्टीनंतरचा तास विज्ञानाचाच असायचा. त्यामुळे तुम्हाला डुलक्या घेत विज्ञान ऐकायची सवय आहे आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही.

विषय मी निवडलेला नाही. आपल्यापैकीच एकानं दिला आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आपल्या वर्गाच्या ग्रुपवर दिवसातून दहा वेळा ते करोनाचं चित्र यायचं. आठवतंय ना? राखाडी चेंडू आणि त्यावर लाल तुरे. तेव्हा आपल्या एका मित्रानं मला विचारलं, "अगं, हा फोटो आहे का चित्र? आणि फोटो असेल तर काढला कुणी?" मी लिहिलं, चित्र आहे. अमेरिकेतल्या चित्रकारांनी खऱ्या माहितीवरून संगणकावर काढलेलं. मला वाटलं, विषय संपला. रात्री उशिरा त्याचा दुसरा निरोप आला. "मग माझ्या पायातल्याचा फोटो आहे का?"

नाव घेऊ नकोस, असं त्यानं मला बजावलं आहे. पण तुम्हाला कळलंच असेल. पहिल्या बाकावर, दाराजवळ बसायचा. उजव्या पायाला कॅलिपर. प्रार्थनेला उभं राहताना त्याच्या कडीचा आवाज व्हायचा आणि आपण सगळे तो ऐकला नाही असं दाखवायचो. १९६९ साली, दीड वर्षाचा असताना त्याला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा पाय गेला होता. तो आज समोर बसला आहे. गेली पस्तीस वर्षं गावातले रेडिओ, टीव्ही, मिक्सर दुरुस्त करतो. उघडून आत बघितल्याशिवाय कुठल्याच यंत्रावर त्याचा विश्वास बसत नाही. त्यामुळे त्याचा प्रश्न मी थट्टेवारी नेला नाही. आज त्याचंच उत्तर द्यायला उभी आहे.

आधी अडचण काय आहे ते बघू. पोलिओचा विषाणू साधारण ३० नॅनोमीटरचा गोळा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत हे गोळे ओळीनं लावले तर अडीच हजार सहज बसतील. मग चांगली सूक्ष्मदर्शिका घेऊन बघितलं तर? नाही दिसत, आणि तो दोष भिंगाचा नाही, उजेडाचा आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. तळ्यात होडी उभी असेल तर लाटा तिच्यावर आपटून वळतात, आणि लांबून लाटा बघूनही तिथं काहीतरी आहे हे कळतं. पण एखादी बारीक काडी उभी असेल तर लाटेला तिची दखलही नसते. पोलिओचा विषाणू ही प्रकाशाच्या दृष्टीनं काडी आहे.

म्हणजे लाट बारीक हवी. तशी लाट आपल्या ओळखीची आहे, एक्स-रेची. रॉन्टगेननं नोव्हेंबर १८९५ मध्ये हे किरण शोधले आणि डिसेंबरात बायकोच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी दिसली. एक्स-रेची लाट नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे एका अणूच्या मापाची असू शकते. विषाणूच काय, त्याचे अणूही तिच्यातून सुटू नयेत.

पण इथं दुसरी अडचण. भिंग नाही. एक्स-रे काचेतून जवळजवळ सरळ निघून जातात. अणू दिसावेत इतकं बारीक चित्र पडद्यावर आणील असं भिंग त्यांच्यासाठी नाही. दवाखान्यातला एक्स-रे म्हणजे सावली असते, मोठं केलेलं चित्र नव्हे. मग भिंगाशिवाय बघायचं कसं?

याचं उत्तर मला नववीत मिळालं होतं, पण ते उत्तर आहे हे कळायला आणखी आठ-नऊ वर्षं गेली. सर, तुम्हाला आठवतं की नाही माहीत नाही. पावसाळ्यात जादा तास उशिरापर्यंत चालला होता. लाइट गेले आणि पाऊस थांबेना. आपण पंधरा-वीस जण व्हरांड्यात उभे होतो. एस.टी. स्टँडवरचा मर्क्युरीचा दिवा मात्र चालू होता. सरांनी आपली काळी छत्री उघडली आणि म्हणाले, "कापडाला डोळा लावून त्या दिव्याकडे बघा." आपण एकेक करून बघितलं. दिवा एक, पण कापडातून दिसत होते अनेक. मधे एक ठळक ठिपका, त्याच्या चारी बाजूंना फुलीसारखे आणखी ठिपके, आणि प्रत्येकाच्या कडेला थोडा रंग. सरांनी छत्री फिरवली, तशी फुलीही फिरली. मग त्यांनी धोतराचा सोगा दिला. त्याचे ठिपके छत्रीपेक्षा वेगळ्या अंतरावर होते. सर म्हणाले, "वीण जितकी बारीक, तितके ठिपके लांब. धागे न बघता, नुसते ठिपके मोजून तुम्हाला वीण सांगता येईल."

मित्रांनो, माझ्या आयुष्यभराच्या नोकरीचं वर्णन या एका वाक्यात आहे. धागे न बघता, ठिपक्यांवरून वीण सांगणे.

हेच १९१२ साली म्युनिकमध्ये झालं. माक्स फॉन लाउए यांची कल्पना होती की स्फटिकात अणू कापडाच्या विणीसारखे ओळीत बसलेले असतील, तर एक्स-रे त्यातून गेल्यावर ठिपके पडायला हवेत. त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक निळा स्फटिक घेतला, त्यातून किरण सोडले आणि मागं फोटोची काच ठेवली. काचेवर ठिपके आले. तो स्फटिक कशाचा होता माहीत आहे? मोरचुदाचा. द्राक्षबागेवर चुन्यात मिसळून फवारतो तेच मोरचूद. त्या ठिपक्यांवरून अणूंची जागा कशी काढायची, हे इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी दाखवलं. १९१५ साली बापलेकांना मिळून नोबेल मिळालं, तेव्हा मुलगा पंचवीस वर्षांचा होता.

मोरचूद, मीठ, हिरा ठीक आहे. पण विषाणूचा स्फटिक होतो का? १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅनली यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणू शुद्ध करून त्याचे सुईसारखे स्फटिक काढले. मिठासारखे बाटलीत भरून ठेवता येणारे. आणि तेच स्फटिक पाण्यात विरघळवून पानाला चोळले की पानाला रोग व्हायचा. लोक चक्रावून गेले. जे बाटलीत निर्जीव पडून राहतं आणि पानावर वाढतं, त्याला म्हणायचं काय?

स्फटिक का लागतो, हे मी शाळेच्या भाषेत सांगते. पंधरा ऑगस्टची कवायत आठवा. गच्चीवरून बघणाऱ्याला एकट्या मुलाचा हात वर गेलेला दिसायचा नाही. पण चारशे मुलांचे हात एकदम वर गेले की दिसायचं. एका विषाणूवरून परतणारे एक्स-रे इतके क्षीण असतात की ते मोजता येत नाहीत. स्फटिकात मात्र सगळे विषाणू एकाच दिशेला तोंड करून रांगेत उभे असतात. तिन्ही बाजूंनी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा असलेल्या दाण्यात पोलिओचे साधारण एक लाख कोटी विषाणू मावतात. एवढ्यांचं मिळून जे परत येतं, ते मोजता येतं.

आणि याहून मोठं दुसरं कारण आहे. एक्स-रे ज्याला दाखवतात, त्यालाच मारतात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते. किरण अणूवर आदळला की इलेक्ट्रॉन उडवून लावतो, बंध तुटतात, रेणूची मोडतोड होते. एका विषाणूवर पुरेसे किरण टाकले तर तो दिसायच्या आत संपेल. स्फटिकात ती मार लाख कोटींत वाटली जाते. जिथं एकट्याला झेपणार नाही, तिथं सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं.

सोसण्यालाही मर्यादा असते, हे मी माझ्याच चुकीतून शिकले. मी स्वतः विषाणूंवर नाही, एका जिवाणूच्या प्रथिनावर काम करत होते. त्याचे चांगले स्फटिक वाढायला चौदा महिने लागले आणि हाती आले फक्त तीन. ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून मी फ्रान्समध्ये ग्रेनोबलला नेले. तिथं ८४४ मीटर परिघाच्या कड्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरवतात आणि त्यातून अतिशय प्रखर एक्स-रे मिळतात. दवाखान्यातलं यंत्र त्यापुढं पणती. रात्रपाळी होती, झोप झालेली नव्हती, आणि किरण मंद करणारी पट्टी मधे घालायची मी विसरले. पहिलं चित्र सुंदर आलं, ठिपके थेट कडेपर्यंत. दहाव्या चित्रात कडेचे ठिपके नव्हते. तिसाव्यात निम्मे नव्हते. स्फटिक जळत असला की सगळ्यात आधी कडेचे ठिपके विझतात, आणि बारीक तपशील त्याच ठिपक्यांत असतो. चौदा महिन्यांतला एक स्फटिक काही मिनिटांत गेला. दुसऱ्या वेळी हात इतके थरथरत होते की स्फटिक बसवतानाच पडला. तिसऱ्यानं आम्हाला तारलं. त्या रात्री मी बाहेर जाऊन थोडी रडले, आणि आत येऊन पट्टी घातली.

आता ठिपके मिळाले, तरी चित्र लगेच मिळत नाही. आपलं लेझीम आठवा. मैदानावर धुकं आहे आणि तुम्ही फक्त ऐकताय. कोणती रांग किती जोरात वाजवते हे कळतं, पण कोणती रांग कोणत्या ठेक्यावर उचलते हे कळत नाही. आणि ठेका कळल्याशिवाय नाच उभा करता येत नाही. ठिपक्याचा ठळकपणा मोजता येतो, त्या लाटेचा ठेका मोजताना हरवतो. या एका कोड्यानं माणसांची आयुष्यं घेतली. माक्स पेरुट्झ यांनी रक्तातल्या हिमोग्लोबिनवर १९३७ च्या सुमाराला काम सुरू केलं. वाट सापडली १९५३ मध्ये. रेणूला पाऱ्याचे अणू चिकटवायचे आणि ठिपके कसे बदलतात ते बघायचं. म्हणजे लेझमाच्या मैदानात ओळखीचा एक मोठा ढोल आणून ठेवायचा आणि त्याच्यामुळे आवाज कुठं वाढला, कुठं घटला, यावरून बाकीच्यांचे ठेके ओळखायचे. तरी त्यांचं चित्र पुरं व्हायला १९५९ उजाडलं.

विषाणूंकडे वळते, कारण इथं एका बाईंचं नाव घ्यायचं आहे. रोझलिंड फ्रँकलिन. डीएनएच्या गोष्टीत त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डीएनएनंतर त्या लंडनच्या बर्कबेक कॉलेजात आल्या आणि पाच वर्षं विषाणूंवर काम केलं, हे कमी लोकांना माहीत असतं. तंबाखूचा विषाणू ही पोकळ नळी आहे, एकाच प्रकारचं प्रथिन जिन्याच्या पायऱ्यांसारखं गोल फिरत तिची भिंत बांधतं आणि विषाणूचा संदेश, म्हणजे आरएनए, त्या भिंतीच्या आतच गुंफलेला असतो, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झालं. मग त्यांनी पोलिओ हाती घेतला. पोलिओचे स्फटिक प्रयोगशाळेत ठेवायलाही लोक घाबरत, असा तो काळ. एप्रिल १९५८ मध्ये कर्करोगानं त्या गेल्या. वय सदतीस. काम त्यांचे सहकारी जॉन फिंच आणि अॅरन क्लुग यांनी पुढं नेलं. १९५९ साली पोलिओच्या कवचाची घडण कशी आहे यावरचा निबंध त्यांनी प्रसिद्ध केला आणि तो फ्रँकलिन यांच्या स्मृतीला अर्पण केला. क्लुग यांना १९८२ साली नोबेल मिळालं.

ती घडण अशी. फुटबॉल डोळ्यांसमोर आणा. त्यावरचे काळे पंचकोन मोजलेत कधी? बारा असतात. विषाणूच्या कवचातही असेच बारा कोपरे आणि वीस त्रिकोणी बाजू. का? कारण विषाणूचा संदेश फार लहान असतो. पोलिओचा आरएनए जेमतेम साडेसात हजार अक्षरांचा आहे. आपल्या स्मरणिकेची दोन-तीन पानं. एवढ्या मजकुरात मोठ्या कवचाचा सगळा आराखडा बसत नाही. म्हणून तो एकच साचा लिहून ठेवतो, आणि त्याच साच्यातून मोदक काढावेत तसे तुकडे काढून एकमेकांना जोडतो. पोलिओच्या कवचात चार प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाच्या साठ प्रती.

अणूअणूची जागा कळेल इतकं स्पष्ट चित्र एखाद्या विषाणूचं पहिल्यांदा १९७८ साली मिळालं, टोमॅटोच्या झाडावरच्या एका विषाणूचं. आणि १९८५ साली, आपण दहावी होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा, अमेरिकेत एकाच महिन्यात दोन चित्रं आली. मायकेल रॉसमन यांच्या गटानं साध्या सर्दीच्या विषाणूचं काढलं आणि जेम्स होगल यांच्या गटानं पोलिओचं.

म्हणजे मित्रा, उत्तर हो आहे. तुझ्या पायातल्याचा फोटो आहे.

आपल्या देशातही हे झालं आहे. शाळेच्या कुंपणालगत हादग्याचं झाड होतं, आठवतंय? मुली त्याची फुलं भाजीला न्यायच्या. या हादग्याच्या झाडावर तिरुपतीच्या परिसरात एक विषाणू सापडला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. एन. मूर्ती, एच. एस. सावित्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची अणूंपर्यंतची रचना काढली, १९९५ साली. त्याच्या कवचात एकाच प्रथिनाच्या १८० प्रती आहेत. आता इंदूरला इंडस-२ नावाचं इलेक्ट्रॉनचं कडं आहे आणि प्रथिनांच्या स्फटिकांसाठी तिथं वेगळी सोय आहे. आजच्या मुलीला माझ्यासारखं नायट्रोजनचं भांडं घेऊन दर वेळी फ्रान्स गाठावं लागत नाही.

पण सगळ्यांना रांगेत उभं करता येत नाही, हे शिक्षकांना मी सांगायला नको. काही विषाणूंचे स्फटिक होतच नाहीत. मिमीव्हायरस नावाचा एक राक्षसी विषाणू आहे. १९९२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डला पाणी थंड करायच्या टाकीत सापडला. इतका मोठा की लोक त्याला जिवाणूच समजले. विषाणू आहे हे २००३ साली कळलं. नुसतं कवच साडेचारशे नॅनोमीटरच्या आसपास, वर अंगभर केस. त्याचा स्फटिक कसा होणार? अशा राक्षसी विषाणूंचे नातेवाईक पुढं मुंबईच्या पाण्यातही सापडले आहेत. त्यांची नावं पवई तलाव आणि कुर्ला यांच्यावरून ठेवली आहेत. मुंबईकर मंडळी हसताहेत, पण घाबरू नका, हे विषाणू अमीबात वाढतात.

तर एकट्या विषाणूचा फोटो कसा काढायचा? किरण टाकला की तो मरणार. २००० साली रिचर्ड नॉयट्झ, यानोश हायदू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित करून सांगितलं की मरू दे. फक्त किरणाचा झोत इतका क्षणिक ठेवा की अणूंना हलायला वेळच मिळणार नाही. विषाणू फुटेल, पण त्याआधी त्याची खूण घेऊन किरण पुढं गेलेले असतील. नऊ वर्षांनी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डजवळ असा झोत देणारं यंत्र सुरू झालं. एकेक झोत शंभर फेमटोसेकंदांहूनही कमी वेळाचा. फेमटोसेकंद आणि सेकंद यांच्यात जे नातं आहे, तेच सेकंद आणि तीन कोटी सतरा लाख वर्षं यांच्यात आहे. झोत सुरू होऊन संपेपर्यंत प्रकाशही केसाच्या जाडीइतका पुढं जात नाही. २०११ साली या यंत्रासमोर मिमीव्हायरसचे बारीक फवारे सोडले, एकेका विषाणूवर झोत पडला, विषाणूचा चुरा झाला आणि ठिपक्यांच्या जागी फिकट पट्ट्यांचं चित्र मागं राहिलं. त्यावरून संगणकानं विषाणूचा आकार उभा केला.

आता खरं सांगते. ते चित्र धूसर होतं. सगळ्यात बारीक दिसणारी गोष्ट ३२ नॅनोमीटरची. म्हणजे आपल्या मित्राचा पोलिओचा अख्खा विषाणू त्या चित्रातल्या एका ठिपक्याएवढा झाला असता. एकट्यादुकट्या लहान विषाणूचं अणूंपर्यंतचं चित्र या वाटेनं काढायचं काम अजून बाकी आहे. आणि दुसरं खरं असं, की आज विषाणूंची बरीच चित्रं थंड केलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉन सोडून काढतात. त्या तंत्राला २०१७ चं नोबेल मिळालं. करोनाच्या तुऱ्याची रचना त्यानंच कळली. पण करोनाचं जे कात्रीसारखं प्रथिन आहे, ज्याच्यावर पुढं गोळ्या बनल्या, त्याची रचना २०२० च्या सुरुवातीलाच एक्स-रेनं निघाली होती. घरात हातोडाही लागतो आणि पक्कडही.

हे सगळं मी मित्राला फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "साल्कची लस १९५५ ची. तोंडातून द्यायचे थेंब साठच्या सुरुवातीचे. मला झाला १९६९ ला. तुमचा फोटो १९८५ चा. मग फोटोचा उपयोग काय?"

मी गप्प झाले. कारण त्याचा हिशोब बरोबर होता. त्याचा पाय वाचवायला लागणारं ज्ञान त्याच्या जन्माआधीच जगात होतं. जे नव्हतं ते त्याच्या घरापर्यंत आलेले दोन थेंब. फोटोनं ती उणीव भरली नसती. ती भरली लाखो माणसांनी. १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी बर्फाचे डबे खांद्याला अडकवून फिरणाऱ्या परिचारिकांनी, अंगणवाडीच्या ताईंनी, आणि आपल्यापैकीच ज्या शिक्षक झाल्या त्यांनी. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या भागाला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. इथं बसलेल्या ज्या मैत्रिणींनी बूथवर बसून मुलांच्या बोटांना शाई लावली, त्यांचं काम माझ्या कामाहून मोठं आहे. हे मी मनापासून म्हणते.

मग मी त्याला दोन आठवड्यांनी उत्तर दिलं. ते असं. पोलिओची टोचायची लस बनवायला आजही कारखान्यात विषाणू भरपूर वाढवावा लागतो आणि मग मारावा लागतो. रोग जगातून जाईल, पण लशीसाठी विषाणू पाळावाच लागेल. यातून सुटायचं तर आत संदेश नसलेलं नुसतं रिकामं कवच बनवायला हवं. शरीर कवच बघून सावध होतं आणि कवचानं रोग होत नाही. पण रिकामं कवच टिकत नाही, उबेनं उकलतं. ते कुठं उकलतं आणि कुठं टाचण मारली तर टिकेल, हे अणूंची जागा माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. ही युक्ती गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी करून दाखवली. त्या विषाणूची रचना १९८९ साली एक्स-रेनं निघाली होती. २०१३ साली त्याच्या कवचाच्या सांध्यावर गंधकाचं टाचण मारून जिवंत विषाणूशिवाय बनवलेली लस गुरांवर यशस्वी ठरल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. पोलिओच्या रिकाम्या कवचावरही याच वाटेनं काम चालू आहे.

तो म्हणाला, "म्हणजे सर्किट कळल्याशिवाय पार्ट बदलता येत नाही." मी म्हटलं, हो, तेच. चौदा महिने स्फटिकामागे घालवलेल्या बाईला इतकं सोपं वाक्य सुचलं नव्हतं.

एक वस्तू आणली आहे. ही. क्रिकेटच्या चेंडूएवढी आहे, प्लास्टिकची. प्रथिनांच्या रचनांची एक जागतिक पेढी आहे. १९७१ साली सात रचनांवर सुरू झाली, आता दोन लाखांहून जास्त आहेत आणि सगळ्या फुकट. त्यात "२पीएलव्ही" या नावाखाली पोलिओच्या विषाणूतल्या अणूंच्या जागा ठेवल्या आहेत. त्या आकड्यांवरून हा छापून घेतला. वरचे बारा उंचवटे बघा आणि प्रत्येकाभोवतीची ही खोल चर बघा. या चरीत आपल्या पेशीवरचं एक प्रथिन अडकतं आणि तिथून हा आत शिरतो. हा चेंडू मी मित्रासाठी आणला होता. सकाळी त्याला दिला. त्यानं बराच वेळ हातात फिरवून बघितला, नखानं चर चाचपली आणि म्हणाला, "शाळेला दे. माझी ओळख झाली."

म्हणून तो आता शाळेच्या प्रयोगशाळेला देते आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती, कपाटात कुलूप लावून ठेवू नका. मुलांच्या हातात द्या. फुटला तर मी दुसरा पाठवीन.

आणि सर, अंधार पडला की मी व्हरांड्यात काळी छत्री घेऊन उभी राहणार आहे. स्टँडवरचा दिवा आता एलईडीचा आहे, पण ठिपके तेच दिसतात, मी काल रात्री बघून ठेवलं. ज्यांना बघायचं असेल त्यांनी यावं. चष्मा असेल त्यांनी लावूनच यावं. आता आपल्या सगळ्यांनाच आहे.